पेशंटची उजवी बाजू

"पडदा उजवीकडं वाकलाय असं लिहिलंयस तू," डॉ. मगदूम फोनवर म्हणाले. "मला दुर्बिणीतनं डावीकडं दिसतोय. म्हणजे पुढं तरी डावीकडंच आहे. आता मागं जाऊन तो..."

"सॉरी सर," मी म्हणाले. "टायपिंगची चूक आहे. डावीकडेच आहे. लगेच दुरुस्त करून पाठवते."



"बघितलंस?"

"हो सर."

मी काहीही बघितलं नव्हतं.

"बरं मग. उद्या अकराला घेतोय त्यांना," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी टायपिस्टला बोलावलं, हिंदूराव चौगुल्यांच्या रिपोर्टमधला नाकाच्या पडद्याचा एक शब्द बदलायला सांगितला, नव्या कागदावर सही केली आणि तासाभरात तो डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचतासुद्धा केला. काम कसं झटपट झालं म्हणून मला बरंही वाटलं.

याला आता पंचवीस वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. कोल्हापुरात एका तळघरातल्या स्कॅन सेंटरमध्ये रिपोर्ट लिहायची नोकरी लागून जेमतेम आठ महिने झाले होते, आणि माझं एक गुपित होतं. मला डावं-उजवं कळत नाही. शाळेत कवायतीच्या तासाला 'दाहिने मुड' झालं, की सगळी ओळ एकीकडे आणि मी त्यांच्याकडे तोंड करून उभी. आईनं उपाय शिकवला होता, ज्या हातानं जेवतेस तो उजवा. तेव्हापासून कुणी डावं-उजवं विचारलं की मी आधी बोटांनी हवेतला भात कालवते आणि मगच उत्तर देते.

असल्या मुलीनं शिंप्याकडे नोकरी धरावी, पोस्टात धरावी. मी जाऊन रेडिऑलॉजिस्ट झाले. म्हणजे ज्या धंद्यात प्रत्येक ओळीत डावं नाहीतर उजवं लिहावंच लागतं, तो मी स्वतःहून निवडला. त्यात आमच्या चित्रांची रीत अशी, की पेशंट तुमच्यासमोर तोंड करून उभा आहे असं धरायचं. त्यामुळे त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मी एका बाईंचा डावा गुडघा उजवा लिहिला होता. सेंटरच्या मालक डॉक्टरांनी तो कागद सगळ्या स्टाफसमोर वाचून दाखवला आणि सगळे पोट धरून हसले, मीसुद्धा हसले. त्या दिवसापासून कुणी बाजूचा 'ब' काढला की मी आधी माफी मागायची आणि शब्द बदलून मोकळी व्हायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चौगुले सोमवारी संध्याकाळी आले होते. पन्नाशीचा, उंच, काळासावळा माणूस. अंगात सैल सदरा, आणि तो पोटाला लागू नये म्हणून दोन बोटांत पुढे धरलेला. मला ते दिसलं, पण पोट हा त्या दिवशी माझा विषय नव्हता. सोबत बायको होती, आक्काताई. कॉरिडॉरमधल्या बाकावर मी त्यांची विचारपूस केली.

"काय काम करता?"

"गुळव्या हाय मी. कागलच्या बाजूला गुऱ्हाळ हाय, तिथं."

"म्हणजे गूळ बनवता."

"बनवत्यात सगळेच," ते म्हणाले. "रसाची काहील चुलीवरनं कवा उतरवायची ते मी सांगतो. रस उकळला, घट्ट व्हायला लागला, की एक वास येतो. त्या वासाला उतरवली तर गूळ. जरा मागं-पुढं झालं तर चिक्की नाहीतर राड."

"आणि आता?"

"आता वासच येत न्हाई. नाकात कायतरी वाढलंय म्हणं. मोठं डॉक्टर म्हणालं, दुर्बीण घालून काढू, वास परत यील. तेवढं बघा बाई. मला दुसरं काय येत न्हाई."

आक्काताई त्यांच्याकडे बघत होत्या.

मी माझ्या खोलीत गेले आणि मशीनवर दिगंबर लोहार त्यांना घेऊन गेला. दिगंबर आमचा टेक्निशियन, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि कामात माझ्यापेक्षा कितीतरी मुरलेला. त्यानं चित्रं काढायची आणि मी वाचायची. तो काढताना मी शेजारी उभी राहत नसे, आणि तशी कुणाची अपेक्षाही नसे.

अर्ध्या तासानं फिल्म माझ्या भिंतीवरच्या दिव्याच्या चौकटीवर आली. नाक बाहेरून बघितलं तर लांब, नकटं, बाकदार, एवढेच काय ते प्रकार. आत शिरलं की एकाचं दुसऱ्यासारखं नसतं. नाकाचं छत म्हणजेच मेंदूची फरशी, आणि ती काही ठिकाणी कागदाएवढी पातळ. कुणाचं छत वर असतं, कुणाचं खाली उतरलेलं, आणि एकाच माणसात दोन बाजूंना दोन तऱ्हा असू शकतात. डोळ्याची नस एरवी हाडाच्या आड सुखरूप असते, पण काहींच्या नाकात ती अगदी मागच्या पोकळीत उघडीच पडलेली असते. खालून दुर्बीण घालून काम करणाऱ्या सर्जनला हे काही आधी दिसत नाही. कुठे हात आवरायचा ते आम्ही लिहून द्यायचं.

चौगुल्यांच्या नाकात या दोन्ही गोष्टी होत्या, आणि दोन्ही एकाच बाजूला. छत चांगलं खाली उतरलेलं, आणि मागे डोळ्याची नस उघडी. मी टेबलाखाली भात कालवला, फिल्मवरची डाव्या-उजव्याची इंग्रजी अक्षरं बघितली, पुन्हा कालवला. डावी बाजू. तसं मी ठळक अक्षरांत लिहिलं: डावीकडे धोका आहे, मागची पोकळी उघडताना जपावं. उजवी बाजू नेहमीसारखी. नाकाचा पडदा उजवीकडे वाकलेला.

एका गोष्टीनं मात्र मी गोंधळले. गालाच्या पोकळीत पू साचलेला दिसत होता, चांगली सरळ रेघ मारल्यासारखी त्याची पातळी होती. पण तो खाली नव्हता, वर होता. पूचं ते पाणी पोकळीच्या छताला जाऊन चिकटलं होतं. मी फिल्म काढली, पुसली, परत लावली. पाणी वरच. दिगंबरला विचारावं असं मनात आलंसुद्धा. पण आठ महिन्यांची डॉक्टरीण टेक्निशियनला विचारणार, की अरे, पाणी वर कसं राहतं? मी 'वरच्या भिंतीला सूज' असं लिहिलं आणि पुढचा पेशंट घेतला.

मंगळवारी डॉक्टरांचा तो फोन आला, आणि पडद्याच्या ओळीतलं उजवं मी डावं केलं. बाकीच्या ओळी जशाच्या तशा ठेवल्या.

बुधवारी साडेअकराच्या सुमाराला दिगंबर दारात आला. नाकाच्याच सीटी स्कॅनसाठी गर्भार बाईएवढ्या पोटाचे एक शेटजी आले होते.

"मॅडम, ह्यांना पालथं झोपवत नाही. परवाच्या चौगुल्यांसारखंच उताणं घेऊ काय?"

नाकाची चित्रं काढायची आमची ठरलेली पद्धत होती. पेशंटला पालथं झोपवायचं, हनुवटी टेकवायची, मान वर.

"चौगुले पालथे नव्हते?"

"त्यांचं पोट भाजलंय की सगळं. काहिलीतली काकवी उडालेली. सदरा बघितला नाही काय तुम्ही, कसा धरलेला? पालथं कसं झोपणार? मग उताणं घेतलं, मान टेबलाखाली लोंबती सोडून. डोकं खाली आलं चित्रात, ते सरळ करून दिलं तुम्हाला."

मी उठून उभी राहिले. छताला चिकटलेलं पाणी आता मला कळलं. ते चिकटलेलं नव्हतंच. माणूसच उलटा लोंबत होता आणि पाणी बिचारं खालीच साचलं होतं.

"सरळ कसं केलंस?" मी विचारलं.

"हे असं." त्यानं मशीनपाशी जाऊन चौगुल्यांचं चित्र काढलं आणि एक बटण दाबलं. खाली डोकं असलेलं चित्र पटकन वर डोकं करून उभं राहिलं.

"आणि अक्षरं?"

"अक्षरं पण डोक्यावर उभी राहिली होती. म्हणून ती पुसली आणि नेहमीच्या जागी परत घातली."

आम्ही दोघंही त्या चित्राकडे बघत राहिलो. काहीतरी चुकलंय एवढं दोघांनाही कळत होतं, पण काय ते धरता येत नव्हतं. उजवं डाव्या हाताला, पण माणूस उलटा, मग उजवं उजव्या हाताला, पण मग चित्र सरळ केलं, मग परत... माझं डोकं गरगरायला लागलं. दिगंबर स्वतःभोवती एकदा फिरून बघत होता. मी टोपलीतली एक रद्दी फिल्म उचलली, तिच्यावर स्केचपेननं चेहरा काढला, जेवायच्या हाताकडच्या गालावर एक ठिपका दिला आणि फिल्म डोकं खाली करून दिव्यावर धरली.

"आता तुझ्या मशीननं केलं तसं कर."

दिगंबरनं फिल्म खालच्या कडेला धरली आणि कॅलेंडरचं पान उलटावं तशी वर उलटली. चेहरा सरळ झाला. ठिपका होता त्याच बाजूला राहिला.

मी ती परत डोकं खाली करून धरली, आणि या वेळी न उलटता, घड्याळाच्या काट्यासारखी अर्धा वेढा फिरवली. चेहरा सरळ झाला आणि ठिपका पलीकडच्या बाजूला गेला.

"भाकरी तव्यावर फिरवायची होती," मी म्हणाले. "तू उलथलीस."

दिगंबर खुर्चीत बसला. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. भाजलेल्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून त्यानं आपणहून जास्तीचं काम केलं होतं. "म्हणजे चौगुल्यांचं डावं..." तो म्हणाला.

"उजवं आहे."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते.

इथे मला खरं सांगायला हवं. मी फोनकडे धावत गेले असं सांगायला मला आवडेल. मी गेले नाही. मी उभी राहिले. माझ्या मनात आलं, बाई गं, तू डाव्या-उजव्याच्या जोरावर भूल दिलेल्या माणसाचं ऑपरेशन थांबवणार? तू? आणि रिपोर्टच बरोबर निघाला तर? परत तो कागद सगळ्यांसमोर वाचला जाईल. मी पुन्हा भात कालवला आणि मला त्या क्षणी खरोखर आठवेना की मी कोणत्या हातानं जेवते.

मग कालचा फोन आठवला. सरांना डोळ्यांनी पडदा डावीकडे दिसला होता. फिल्मवर तो उजवीकडे होता. म्हणजे फिल्म उलटी आहे याचा पुरावा त्यांनी काल आयता माझ्या हातात दिला होता, आणि मी तो शब्द खोडून पुसून टाकला होता.

फोन तिकडच्या ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरनं उचलला.

"सर ऑपरेशनला आहेत."

"चौगुल्यांच्याच ना? कुठल्या बाजूला आहेत ते?"

"ते मला काय माहीत? मी बाहेर आहे."

"आत जा आणि सरांना सांगा, उजवी बाजू सोडा. रिपोर्ट उलटा आहे. मी स्कॅन सेंटरमधून बोलतेय."

"उजवी कुणाची? सरांची का पेशंटची?"

मला एकदम रडू फुटेलसं झालं. "पेशंटच्या जेवायच्या हाताची," मी म्हणाले. "त्या बाजूला मागे जायचं नाही. डोळा जाईल म्हणावं. जा तुम्ही."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. दार उघडलं, मिटलं. दिगंबर माझ्याशेजारी येऊन उभा होता. बाहेर शेटजी कुणालातरी किती वेळ लागेल ते विचारत होते. बऱ्याच वेळानं फोनवर मगदूम सरांचा आवाज आला. सिस्टरनं रिसीव्हर त्यांच्या कानाला धरला असावा.

"सगळंच उलटं आहे?"

"सगळं सर. पडद्याची ओळ सोडून. ती मी काल बदलली."

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"थांबतो," ते म्हणाले.

चार वाजता मी त्यांच्या दवाखान्यात गेले. डॉ. मगदूम साठीचे होते. गावातले जुने, नावाजलेले नाक-कान-घशाचे डॉक्टर. दुर्बिणीचं ऑपरेशन नवं होतं, आणि या वयात मुंबईला जाऊन ते शिकून आले होते, त्याला सहा महिने झाले होते. टेबलावर माझे दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवलेले होते. चित्र मशीनवर उलथलं कसं, ते मी आधी सांगून टाकलं.

"उजवीकडनंच सुरुवात केली मी," ते म्हणाले. "तू नेहमीसारखी लिहिलीयस म्हणून. म्हटलं, इकडं निवांत सगळं साफ करू, मग डावीकडं जपून जाऊ. पुढचं काढून झालं होतं. मागची पोकळी उघडायला हत्यार हातात घेतलेलं."

"सर, माझी चूक..."

"चूक तुझ्या टेक्निशियनची आहे. पहिला रिपोर्ट तू फिल्मवर होतं तसाच लिहिलायस. एक अक्षर चुकलं नाहीस." त्यांनी दुसरा कागद बोटानं पुढे सरकवला. "हा कुठल्या चित्रावरनं लिहिलास?"

मग मी सांगितलं. कवायत, गुडघा, भात, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होते. वाटलं होतं, हसतील नाहीतर हाकलून देतील. ते चष्मा काढून डोळे चोळत बसले.

"काल मी तुझी चूक दाखवायला फोन केला नव्हता," ते म्हणाले. "मला वाटलं, मीच चुकतोय. दुर्बीण नवी, म्हातारा डोळा. पडदा पुढं एकीकडं वाकतो आणि मागं दुसरीकडं, असं असतं बऱ्याच जणांत. तसं आहे काय, ते तुला विचारायचं होतं. तू मला वाक्य पुरं करू दिलं नाहीस. एवढ्या खात्रीनं माफी मागितलीस, की मला वाटलं, चला, मी बरोबर आहे."

मला मान वर करता येईना. खाई त्याला खवखवे म्हणतात. पण मी काही खाल्लंच नव्हतं, आणि खवखवलं मात्र मला.

"नवीन सीटी काढू, महिन्यानं परत घेऊ," ते उठत म्हणाले. "त्यांना सांगायला पाहिजे."

"मी सांगते सर."

चौगुले खाटेवर टेकून बसले होते. उजव्या नाकपुडीत बोळा, आवाज डब्यातून आल्यासारखा. आक्काताई पायथ्याशी बसल्या होत्या. मी आधी त्यांचा डावा डोळा माझ्या तळहातानं झाकला आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं धरली.

"किती?"

"तीन." त्यांना काही कळेना. "आपरेशन नाकाचं झालं न्हवं? डोळ्याचं काय?"

मी स्टूल ओढलं आणि त्यांना पहिल्यापासून सांगितलं. चित्र उलटं कसं निघालं, मोठ्या डॉक्टरांनी फोन कसा केला, मी न बघताच शब्द कसा बदलला, आणि आज दुपारी त्यांचा उजवा डोळा जायचा कसा राहिला. वाढ अर्धीच निघाली आहे, वास एवढ्यात येणार नाही, परत टेबलावर यावं लागेल, हेही सांगितलं. आपल्या नाकात असं काही वेगळं आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते मधेच एकदा आपल्या उजव्या डोळ्याला हात लावून बघत होते.

आक्काताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"आमास्नी काय कळत न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "पर तुमास्नी कळंना झालं, तर कुणाला तरी इचारायचं की ओ."

"तू गप," चौगुले म्हणाले.

"का गप? डोळा गेला असता."

"गप म्हटलं न्हवं." ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. "दोन महिनं मला वास येत न्हवता. रोज चार-चार काहिली अंदाजानं उतरवल्या मी. मालकाचा गूळ नासला, त्यानं उसाला शिव्या घातल्या, शेतकऱ्याला घातल्या. मी शेजारी हुबा हुतो. मी कुणाला इचारलं?"

आक्काताईंनी पांघरूण त्यांच्या पायावर नीट केलं.